फिलिपिनो समारंभाला काय घालायचं? वाचक विचारतात

या महिन्यात फिलिपिन्समधून आणि फिलिपिन्सला निघालेल्या वाचकांकडून एकाच विषयाची इतकी पत्रं आली की म्हटलं सगळी एकत्रच घेऊन टाकू. कुणी तिथे नोकरीला, कुणी शिकायला, कुणाचं सासर तिथलं. प्रश्न थोडे छोटे केलेत, नावं नेहमीप्रमाणे गाळलीत.

प्रश्न : आम्ही नुकतेच मकातीत राहायला आलोय. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राचं डिसेंबरमध्ये मनिलात चर्चमध्ये लग्न आहे आणि आमंत्रणावर ड्रेसकोड म्हणून 'फॉर्मल फिलिपिनियाना' असं लिहिलंय. नवऱ्याला काय, मला काय, कुठून घ्यायचं, किती खर्च येईल काहीच कळत नाहीये. मी सरळ साडी नेसून गेले तर चालेल का?

उत्तर : ताई, फिलिपिनियाना म्हणजे तिथला पारंपरिक पोशाख. आधी नवऱ्याचं उरकू, ते सोपं आहे. त्यांना बारोंग तागालोग लागणार, म्हणजे लांब बाह्यांचा, आरपार दिसणारा, समोर भरतकाम केलेला शर्ट. तो पँटच्या बाहेरच ठेवायचा, आयुष्यभराची सवय असली तरी खोचायचा नाही, वर कोट नाही, टाय नाही. आत पांढरा, बिनकॉलरचा पातळ शर्ट घालतात, त्याला कामिसा दे चिनो म्हणतात, आणि तो बारोंगसोबत मिळतोच असं नाही त्यामुळे दुकानातच मागून घ्या, नाहीतर ऐनवेळी बनियन घातला जातो आणि त्याच्या पट्ट्या चर्चमधल्या शेवटच्या बाकापर्यंत दिसतात. खाली काळी पँट आणि काळे लेदरचे बूट, झालं. अर्ध्या बाह्यांचा मिळतो तो पोलो बारोंग, तो ऑफिसला झकास पण फॉर्मल लग्नाला कमी पडतो, सेल्समन कितीही म्हणाला तरी.

आता कापड, कारण पैसे सगळे तिथेच जातात. सगळ्यात वरचं पिन्या, म्हणजे अननसाच्या पानाच्या धाग्याचं. ते मुख्यतः आकलान प्रांतात कालिबोच्या आसपास हातमागावर विणतात. पान फुटक्या चिनीमातीच्या बशीच्या कडेने खरवडतात, वरचा जाड धागा आधी निघतो, मग आतला बारीक, आणि ते बारीक धागे एकाला एक गाठ मारत जोडायचे, तेव्हा कुठे मागावर चढवण्याएवढी लांबी होते. आकलानच्या या विणकामाला २०२३ साली युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. एवढी मेहनत म्हटल्यावर चांगला पिन्या बारोंग दहा हजार पेसोंच्या पुढेच सुरू होतो आणि भरतकामाप्रमाणे कितीही वर जातो. म्हणून कुणी दीड-दोन हजारात 'ओरिजिनल पिन्या' दाखवला तर हसून पुढे जा. मधली पायरी पिन्या-सेदा, पिन्यात रेशीम मिसळलेलं. त्याखाली हुसी, जे आजकाल बहुतेक यंत्रावर विणलेलं, रेशमी ऑर्गन्झासारखं असतं. आणि अगदी खाली पॉलिस्टर, जे लांबून चांगलं दिसतं पण दोन तासांत आत भट्टी पेटते.

पाहुणे म्हणून जाताय तर माझं मत विचाराल तर हुसी पुरे. पिन्या नवरदेवाला घालू दे. त्यापेक्षा भरतकामावर जास्त खर्च करा, कारण चांगल्या हुसीवर हाताचं भरतकाम असलं तर तो मशिनचं काम असलेल्या महागड्या कापडापेक्षा कितीतरी उजवा दिसतो. ओळखायचं कसं, तर उलटी बाजू बघा. मशिनचं काम मागून एकसारखं, खाली बॉबिनच्या धाग्याचं जाळं असलेलं आणि बहुतेकदा मागे चिकटवलेल्या कागदी अस्तराचे तुकडे राहिलेले. हाताचं थोडं वरखाली असतं पण मागूनही नीटस असतं. कालादो म्हणून एक प्रकार आहे, कापडातलेच धागे काढून उरलेले बांधून जाळी करायची, तो दिसला तर थांबून बघाच.

कुठून घ्यायचं. घाई असेल आणि घासाघीस जमत नसेल तर एसएम मॉलमधलं कुल्तुरा, तिथे सगळे साइज टांगलेले असतात, किंमत लिहिलेली असते, ट्रायल रूम असते. स्वस्तात हवं तर मनिलातला दिविसोरिया बाजार, तिथे ताबोरा रस्त्यावर लग्नाचं सामान आणि कपडे, इलाया रस्त्यावर कापडाची दुकानं. पण लक्षात घ्या फिलिपिन्समध्ये ख्रिसमस सप्टेंबरपासूनच सुरू होतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरात दिविसोरियात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा ऑक्टोबर उजाडायच्या आत जाऊन या, सकाळी लवकर, आणि पर्स पुढे धरा. शिवून घ्यायचं असेल तर क्वेझॉन सिटीत कामुनिंगच्या बाजूला टेलरांची जुनी वस्ती आहे.

आणि एक रविवार मोकळा असेल तर सरळ लुंबानला जा. लगुना प्रांतात, लगुना दे बाई तलावाच्या काठाला, मनिलाहून गाडीने तीनेक तास धरा. अख्खं गाव भरतकामावर चालतं, रस्त्याकडेला दुकानं आणि मागे घरात बायका-पुरुष दोघंही कापडाला भरतकामाची रिंग लावून बसलेले. तिथे घेतलं की मधला माणूस गळतो, माप देऊन बनवूनही मिळतं, आणि मुख्य म्हणजे दहा प्रकार एका तासात हाताळून बघता येतात, मग पुढे आयुष्यात कुणी फसवू शकत नाही. बातांगासमधलं ताआलही भरतकामाचं जुनं गाव, तिथल्या बाजारात बारोंगचे गाळे आहेत. मला स्वतःला लुंबानचं कालादो जास्त आवडतं, पण ताआलला गेलात तर तिथलं भलंमोठं बॅसिलिका चर्चही बघून होतं.

आता तुमचं. फिलिपिनियाना हा मोठा डबा आहे, त्यात बरंच काही बसतं. तेर्नो म्हणजे तो खांद्यावर उभ्या, चपट्या, फुलपाखरासारख्या बाह्या असलेला लांब गाऊन. मारिया क्लारा म्हणजे त्याच्या आधीचा चार भागांचा पोशाख, रुंद बाह्यांचा पातळ ब्लाउज म्हणजे कामिसा, लांब घेरदार साया म्हणजे घागरा, सायावर गुंडाळलेलं कापड म्हणजे तापिस आणि खांद्यावर त्रिकोणी रुमालासारखा पान्युएलो. हुआन लुनाचं १८९५ चं 'ला बुलाकेन्या' हे चित्र शोधून बघा, त्यातली बाई हेच घालून बसलीये. पुढे विसाव्या शतकात रामोन वालेरा या डिझायनरने पान्युएलो काढून टाकला आणि सगळं एका गाऊनमध्ये आणलं, तो आजचा तेर्नो. वालेराला मरणोत्तर २००६ साली नॅशनल आर्टिस्ट हा तिथला सर्वोच्च कला सन्मान मिळाला, फॅशनसाठी तो मिळालेला हा पहिलाच माणूस.

लग्नाला पाहुणी म्हणून तेर्नोच घाला, मारिया क्लारा जरा नाटकातल्यासारखं वाटतं, शिवाय चार भाग सांभाळत जेवण होत नाही. आणि तेर्नो विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. माझा साधा नियम आहे, बारोंग विकत, तेर्नो भाड्याने. बारोंग पुरुषाला पुढची दहा वर्षं कुठेही चालतो. तेर्नोच्या बाह्या आतून कडक जाळी घालून उभ्या केलेल्या असतात, त्या बॅगेत चेपल्या की परत तशा उभ्या राहत नाहीत, कपाटात जागा खातात, आणि पुढच्या लग्नात तोच घातला की सगळे ओळखतात. भाड्याच्या दुकानात अनामत ठेवावी लागते, बाहीची घडी, मणी निखळलेले, डाग हे सगळं घेतानाच मोबाईलवर फोटो काढून दुकानदारालाही दाखवा, परत देताना वाद होत नाही.

त्याहून सोपा मार्ग आजकाल खूप जणी करतात, साधा एकरंगी लांब गाऊन आणि वरून फुलपाखरी बाह्यांचं बोलेरो, म्हणजे आखूड जाकीट. शॉपी आणि लाझादा या ऑनलाइन दुकानांवर ढिगाने मिळतात. जेवताना काढून ठेवता येतं हा मोठा फायदा, कारण तेर्नो घालून चर्चच्या बाकावर दोन बाजूला दोन तेर्नोवाल्या बसल्या की मधलीचं काय होतं ते विचारू नका.

रंग घेण्याआधी आमंत्रण पुन्हा वाचा. तिथे लग्नाला 'मोटिफ' म्हणून रंग ठरलेला असतो, निनोंग-निनांग म्हणजे लग्नाचे मानाचे साक्षीदार आणि करवल्या त्या रंगात असतात, पाहुण्यांनी तोच रंग टाळायचा की तोच घालायचा हे लिहिलेलं असतं, नसेल तर विचारा. बायकांनी पांढरा आणि क्रीम नकोच.

साडीचं म्हणाल तर कुणी दारात अडवणार नाही, कौतुकच करतील. पण त्यांनी मुद्दाम फिलिपिनियाना लिहिलंय म्हणजे त्यांना फोटोत ते हवंय. मित्राला एक मेसेज टाकून विचारा, 'चालेल' म्हणाला तर खुशाल नेसा. फक्त साडीवर तेर्नोच्या बाह्या असलं काही करू नका प्लीज.

प्रश्न : बारोंग आरपार असतो आणि बाहेर सोडतात कारण स्पॅनिश लोकांनी कायदा केला होता, म्हणजे स्थानिकांना शस्त्र लपवता येऊ नये आणि ते खालच्या दर्जाचे दिसावेत म्हणून, असं मी वाचलं. मग असा अपमानाचा कपडा समारंभाला का घालतात?

उत्तर : ही गोष्ट तिथले टूर गाइडसुद्धा सांगतात, ऐकायला जोरदार आहे, पण असा कायदा कुठल्या कागदात सापडलेला नाही आणि इतिहासाचे अभ्यासक ती दंतकथाच मानतात. उलट दामियान दोमिंगो या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काढलेली मनिलाच्या लोकांची जलरंगातली चित्रं बघा, त्यात पैसेवाले लोक झकपक शर्ट बाहेर सोडून, डोक्यावर उंच हॅट घालून ऐटीत उभे आहेत. अपमान झालेली माणसं अशी उभी राहत नाहीत. आणि एवढ्या दमट हवेत पातळ कापड, बाहेर सोडलेलं, याला कायदा कशाला लागतो.

समारंभाचा कपडा म्हणून त्याला वजन आलं ते नंतर. रामोन मॅगसायसाय यांनी १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ बारोंग घालून घेतली, त्याआधीचे कोटटायवाले होते. १९७५ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांनी जूनमध्ये बारोंग आठवडा जाहीर केला. आता दर जुलैच्या चौथ्या सोमवारी राष्ट्राध्यक्षांचं संसदेपुढे भाषण असतं, त्या दिवशी बारोंग आणि तेर्नोंची अशी गर्दी होते की भाषणापेक्षा कपड्यांच्या बातम्या जास्त. तुम्हाला डिझाइन बघायची असतील तर त्या दिवसाचे फोटो बघा, फुकटचा कॅटलॉग आहे.

प्रश्न : मी दवाओला मेडिकलला आहे. कॉलेजच्या फॉर्मल प्रोग्रामला 'फिलिपिनियाना किंवा मिंदानाओचा पारंपरिक पोशाख' असं सांगितलंय. मला इथल्या त्बोली आदिवासींचा पोशाख खूप आवडतो. बाहेरच्या मुलीने तो घातला तर चालतं का? बजेट कमी आहे.

उत्तर : अगं, प्रश्न विचारलास हेच बरं केलंस. पूर्ण त्बोली पोशाख, ते भरतकामाचं जाकीट, मण्यांचा डोक्याचा साज, कमरेला घुंगरांचा पट्टा, हे सगळं एकदम अंगावर चढवून प्रोग्रामला जाणं मला तरी पटत नाही. तो त्यांच्यासाठी वेशभूषा स्पर्धेचा ड्रेस नाहीये. विशेषतः त्नालाक हे आबाकाच्या, म्हणजे केळीच्या जातीतल्या एका झाडाच्या, धाग्याचं काळं-तांबडं-पांढरं कापड. त्याच्या नक्ष्या विणणाऱ्या बाईला स्वप्नात दिसतात अशी त्यांची श्रद्धा आहे, आबाकाची एक देवता आहे, फू दालू, आणि त्या कापडावर पाय पडलेला त्यांना चालत नाही. लांग दुलाय ही साउथ कोताबातो प्रांतातल्या लेक सेबूची विणकर त्यातली सगळ्यात मोठी, तिला १९९८ साली सरकारने राष्ट्रीय सन्मान दिला, २०१५ मध्ये ती गेली. आणि बाजारात 'त्बोली प्रिंट' म्हणून जे मिळतं ते बहुतेक पॉलिस्टरवर छापलेलं, त्यातला एक पेसोसुद्धा लेक सेबूला जात नाही.

तू असं कर. प्लेन काळा किंवा मरून लांब ड्रेस, आणि त्यावर एकच खरी वस्तू, खऱ्या त्नालाकची छोटी क्लच पर्स किंवा त्बोलींनी केलेला मण्यांचा हार किंवा पितळी कमरपट्टा. एखाद्या मैत्रिणीचं घर साउथ कोताबातोकडे असेल तर तिच्याकडूनच मागव.

नाहीतर मालोंग. मारानाव आणि मागिंदानाव लोकांचं ते गोल शिवलेलं, दोन्ही बाजूंनी उघडं कापड, मिंदानाओत सगळीकडे मिळतं, साधं सुती घेतलंस तर अगदी तुझ्या बजेटमध्ये. ते रोजच्या वापरातलं आहे, कुणीही घालतं, त्यामुळे संकोच नको. फॉर्मलसाठी मागिंदानावचं इनाउल बघ, चकचकीत धाग्याचं, किंमत चढी असते पण वर्गातल्या कुणाच्या आईकडे हमखास असतं, उसनं माग. खांद्यावरून घ्यायचं की कमरेला गुंडाळायचं हे कुणा मारानाव मैत्रिणीकडून बांधूनच घे, व्हिडिओ बघून बांधलेलं स्टेजवर सुटतं. एक सेफ्टी पिन आतून लाव तरी.

प्रश्न : माझे सासरचे लोक इलोइलोचे. सासूबाईंनी त्यांच्या आईचा जुना पिन्याचा कामिसा आणि पान्युएलो मला दिलाय, नणंदेच्या मुलीच्या लग्नात घाल म्हणतात. पिवळा पडलाय, एक-दोन ठिकाणी धागे विरलेत. ब्लीच करू का? आणि खरंच पिन्या आहे हे कसं कळेल?

उत्तर : ब्लीचची बाटली आत्ताच्या आत्ता लांब ठेवा. पिन्या मुळातच पांढरा नसतो, हस्तिदंती असतो आणि वयाबरोबर मधासारखा होतो, तो रंग डाग नाहीये.

खरा आहे का ते भिंगातून बघा. धाग्यांची जाडी जरा कमीजास्त, मधून मधून बारीक गाठी दिसतील, त्या जोडलेल्या धाग्यांच्या. हात लावल्यावर थोडं कडक, कुरकुरीत, आणि चकाकी मंद. सगळं अगदी एकसारखं आणि काचेसारखं चमकत असेल तर हुसी किंवा कृत्रिम. धागा जाळून बघा असं लोक सांगतात, या कपड्यावर ते अजिबात नको, आजीचा आहे तो.

घालण्याबद्दल मात्र मी सासूबाईंच्या विरोधात जाते. कामिसा घालू नका. विरलेल्या ठिकाणी हात वर केला की फाटणार आणि मग समारंभभर तुमचा चेहरा पडलेला. पान्युएलो मजबूत असेल तर तेवढा घ्या, त्यावर ताण येत नाही. नव्या साध्या तेर्नोवर किंवा इलोइलोच्याच हाब्लोनच्या सायावर तो टाकलात तर सासूबाईंचा मानही राहील, आणि हाब्लोन तर तुमच्या घरच्यांच्याच भागातलं हातमागाचं कापड, मियागाओला विणतात, जाऊन माप देऊन घ्या. पान्युएलोला पुढे ब्रोच लावतात, तो जुनी छिद्रं असतील तिथेच लावा, नवीन भोक पाडू नका.

धुवायचाच असेल तर मोठ्या पसरट भांड्यात गार पाणी, अगदी थोडा सौम्य साबण, जाळीच्या कापडावर ठेवून बुडवायचा आणि तसाच उचलायचा, पिळायचा नाही, चोळायचा नाही, सावलीत आडवा वाळवायचा. नंतर घडी न घालता आम्लरहित टिश्यूसोबत नळीवर गुंडाळून ठेवा, कारण घडीच्या रेषेवरच पिन्या तुटतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आणि स्टार्च करून तर ठेवूच नका, किडे येतात.

प्रश्न : मुलाचं लग्न सेबूच्या मुलीशी ठरलंय. मुलगा पिन्याचा बारोंग घालणार, आम्ही दोघं लग्नाच्या दोनच दिवस आधी पोचणार. शिवायला वेळ नाही. काय करावं?

उत्तर : अभिनंदन काका! दोन दिवसांत शिवणं विसरा, पण मापं आधी पाठवता येतात. मुलाच्या सासरच्यांना छाती, खांदा, गळा, बाहीची लांबी, पोटाचा घेर आणि मानेपासून मांडीच्या वरपर्यंतची उंची पाठवा. पोटाचं माप खरं द्या. बारोंग सैलसर असतो पण पोटावर अडकला की समोरचं सगळं भरतकाम ताणून वाकडं होतं. तिथले रेडिमेड साइज बऱ्याचदा आपल्या अंदाजापेक्षा एक नंबर छोटे निघतात आणि उंच माणसाला बाह्या अपुऱ्या पडतात, तेव्हा नेहमीच्या नंबरावर विसंबू नका. पूर्ण बटणांचा मागा, अर्ध्या बटणांचा डोक्यातून घालावा लागतो आणि केस विस्कटतात. मुलापेक्षा तुमचा साधा असू द्या, फक्त समोर पट्टीवर काम असलेला पुरे. काकूंसाठी भाड्याचा तेर्नो सुनेच्या आईला सांगून धरून ठेवा, त्या स्वतःसाठी दुकानात जाणारच आहेत.

आता मुलाच्या पिन्याबद्दल एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. कॅथलिक लग्न असेल तर त्यात ओढणीचा विधी असतो, एक जोडी पुढे येऊन पांढरी पातळ ओढणी (veil) नवऱ्याच्या खांद्यावर आणि नवरीच्या डोक्यावर टाचणीने अडकवते, मग दुसरी जोडी त्यावर आठच्या आकड्यासारखी दोरी घालते. त्या घाईत, सगळे कॅमेरे चालू असताना, नवखा माणूस जाड सेफ्टी पिन खचकन पिन्यात खुपसतो आणि काढताना धागा ओढला जातो. त्या जोडीला आदल्या दिवशीच्या रिहर्सललाच गाठा, बारीक गोल डोक्याच्या टाचण्या त्यांच्या हातात द्या, आणि खांद्याच्या शिवणीवर, आतल्या शर्टाला धरून लावायला सांगा.

प्रश्न : बायका बारोंग घालतात का? मला गाऊन आवडत नाहीत.

उत्तर : घालतात की, बायकांच्या मापाचे बारोंग मिळतात, बारोंगच्या कापडाचे ड्रेसही मिळतात. सरळ पँटवर घाला, आत चांगला बेज किंवा पांढरा स्लिप असू द्या, कानात मोठे मोत्याचे. फक्त पुरुषांच्या विभागातला छोटा साइज उचलू नका, खांदे उतरतात.